‘नाहीं’ आणि ‘ठाऊक नाहीं’

महाराष्ट्रांतील मागल्या दोन-तीन पिढ्यांच्या माणसांच्या शाळेच्या दाखल्यांवरील जन्मतारखा कोणी ताडून पाहिल्या, तर १ जून ह्या दिवशीं जन्मलेल्यांची विलक्षण गर्दी पाहून तो चकित होईल. ह्यांत ग्रहमानाचा कांहीं संबंध नाहीं. मुलास शाळेंत घालण्यासाठीं आलेल्या बापास पुष्कळदां त्याची जन्मतारीख सांगतां येत नसे; मोठा पूर आला त्या सालचा, किंवा थोरलीच्या मागून दोन वर्षांनीं झालेला, एवढेंच तो सांगे. दाखल्यावरील रकाना मोकळा ठेवण्याची तर सोय नव्हती. तेव्हां मास्तर मुलास एकवार न्याहाळून वर्षाचा अंदाज करीत, आणि शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होत असल्यामुळें त्यापुढें १ जून असें लिहून मोकळे होत. आमचे एक चुलते ह्याच गर्दींतले. घरांतील वडील मंडळींच्या आठवणीप्रमाणें त्यांचा जन्म ऐन दिवाळींतला. पण त्यांची नोकरी, त्यांची बढती आणि त्यांची सेवानिवृत्ति हीं सारीं त्या कल्पित तारखेच्या हिशेबानेंच झालीं.

मास्तरांनीं लिहिलें तें खोटें होतें, ह्यांत शंका नाहीं. परंतु खरें लिहावयाचें म्हटलें तर त्यांनीं काय लिहावयास पाहिजे होतें? ‘ठाऊक नाहीं’ ही कांहीं तारीख नव्हे. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण आपलीं दप्तरें जेव्हां यंत्रांच्या स्वाधीन झालीं, तेव्हां हाच प्रश्न यंत्रांस आज्ञा लिहून देणाऱ्या विद्वानांपुढें उभा राहिला, आणि त्याचें उत्तर देतांना त्यांस तर्कशास्त्राच्या अशा एका शाखेचा आश्रय घ्यावा लागला कीं, जिचा जन्म कोणत्याहि दप्तराच्या सोयीसाठीं झालेला नव्हता. खरें आणि खोटें ह्या दोहोंच्या पंक्तीस ‘अज्ञात’ हें तिसरें पान कसें मांडलें गेलें, आणि त्या पानावर येऊन बसणारा पाहुणा दर वेळीं निराळाच कसा होता, तें पाहण्याचा येथें विचार आहे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत आरिस्टॉटलनें एक कोडें घातलें. उद्यां समुद्रावर लढाई होईल असें कोणी आज म्हणालें, तर तें विधान आज खरें आहे कीं खोटें? खरें असेल तर लढाई टळणें शक्य नाहीं. खोटें असेल तर ती होणें शक्य नाहीं. आणि मग सेनापतींनीं रात्रभर बसून खलबतें करण्यांत अर्थ काय? ‘लढाई होईल किंवा होणार नाहीं’ हें सबंध वाक्य त्यानें निःशंकपणें खरें मानिलें. पण त्याच्या दोन भागांपैकीं अमुक एक आजच खरें आहे, असें म्हणण्यास तो कचरला. त्याच्या म्हणण्याचा नेमका अर्थ काय, ह्यावर टीकाकार दोन हजार वर्षें वाद घालीत आले आहेत. व्यवहारांतील तर्कशास्त्रानें मात्र खरें आणि खोटें असे दोनच कोठे ठेविले. १८५४ सालीं जॉर्ज बूल ह्या इंग्रज गणितज्ञानें विचाराच्या नियमांवरील आपल्या ग्रंथांत त्यांना १ आणि ० हीं रूपें दिलीं. पुढें १९३८ सालीं क्लॉड शॅनन ह्या तरुण अमेरिकन अभियंत्याचा निबंध प्रसिद्ध झाला. विजेच्या मंडलांतील उघडझाप ह्याच बीजगणितानें मांडतां येते, असें त्यानें त्यांत दाखविलें. आजच्या संगणकाचा पाया तो हाच.

तिसऱ्या मूल्याची रीतसर मांडणी छापून प्रसिद्ध झाली ती यान वुकाशेविच ह्या पोलिश प्राध्यापकाकडून. (अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स ह्याच्या १९०९ सालच्या वहींत त्रिमूल्य कोष्टकें आढळतात खरीं, परंतु त्या वहीचा जगास पत्ता लागला तो १९६६ सालीं. प्रसिद्धीवांचून राहिलेल्या विचारांची ही नेहमींचीच कथा.) ७ मार्च १९१८ रोजीं वॉर्सा विद्यापीठांत वुकाशेविचचें निरोपाचें व्याख्यान झालें. तो शिक्षणखात्यांतील कामासाठीं विद्यापीठ सोडून चालला होता. शहर अद्यापि जर्मन सैन्याच्या ताब्यांत होतें. पोलंडचें स्वातंत्र्य आठ महिने दूर होतें. अशा वेळीं श्रोत्यांपुढें उभें राहून त्यानें सांगितलें कीं, जुन्या तर्कशास्त्राच्या सक्तीविरुद्ध आपण लढा पुकारला आहे. सर्व कांहीं आधींच ठरलेलें आहे, हें मत त्यास असह्य होतें. आणि प्रत्येक विधान आजच खरें किंवा आजच खोटें असलें पाहिजे, ह्या दोन कोठ्यांच्या हट्टांतच त्या मताचें मूळ आहे, असें त्याचें म्हणणें होतें. पुढील वर्षीं २१ डिसेंबर रोजीं दुपारीं मी वॉर्सांत असेन, हें वाक्य त्यानें पुढें १९३० सालच्या एका लेखांत उदाहरणादाखल घेतलें आहे. आज तें खरेंहि नाहीं, खोटेंहि नाहीं; तें केवळ शक्य आहे.

१९२० सालीं त्यानें आपली त्रिमूल्य पद्धति प्रसिद्ध केली. खऱ्याचें मूल्य एक, खोट्याचें शून्य, आणि अनिश्चिताचें अर्धें. नकार करावयाचा तर मूल्य एकांतून वजा करावें. ‘आणि’नें दोन विधानें जोडलीं तर दोहोंतील लहान मूल्य घ्यावें, ‘किंवा’नें जोडलीं तर मोठें घ्यावें. कोष्टक इतकें सोपें कीं, शाळेंतील मुलानेंहि तें भरावें. पण त्याची किंमत मोठी होती. अर्ध्याचा नकारहि अर्धाच. म्हणून ‘लढाई होईल किंवा होणार नाहीं’ ह्या वाक्याचें मूल्यहि अर्धेंच येतें! जें वाक्य आरिस्टॉटलनें निःशंक मानिलें होतें, तेंच डळमळलें. एक तर हें खरें किंवा ह्याच्या उलट खरें, तिसरी वाट नाहीं, ह्या नियमास तर्कशास्त्री विमध्याचा नियम म्हणतात. तो येथें कोसळला. वुकाशेविचनें ही किंमत डोळे उघडे ठेवून दिली. माणसाच्या स्वातंत्र्यासाठीं एक नियम गेला तर जावो, अशी त्याची वृत्ति होती.

आपल्याकडील वाचकांस येथें जैनांच्या स्याद्वादाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ‘अस्ति’, ‘नास्ति’ आणि ‘अवक्तव्य’ ह्या तिहींच्या मिश्रणांतून होणाऱ्या सप्तभंगीकडे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि जे. बी. एस. हाल्डेन ह्यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं संख्याशास्त्राच्या दृष्टीनें लक्ष वेधिलें होतें. हाल्डेनचा निबंध १९५७ सालचा आहे. तथापि ‘अवक्तव्य’ म्हणजे अज्ञान नव्हे. अस्ति आणि नास्ति हीं दोन्ही एकाच वेळीं एका शब्दांत बोलतां येत नाहींत, असा त्याचा रोख आहे. जन्मतारीख न सांगतां येणाऱ्या बापाची अडचण निराळी होती. म्हणून हा मोह येथेंच आवरलेला बरा.

वुकाशेविचचें ‘अर्धें’ यंत्रांच्या प्रदेशांत आलें तें स्टीफन क्लीनी ह्या अमेरिकन गणितज्ञाच्या हातून, आणि येतां येतां त्याचा अर्थ पालटला. १९३६ सालीं ट्यूरिंगनें सिद्ध केलें होतें कीं, एखादें गणित यंत्रावर लावलें असतां तें कधीं तरी संपेल कीं अनंत काळ चालत राहील, हें प्रत्येक वेळीं आधीं सांगूं शकेल अशी सर्वसाधारण रीत असूंच शकत नाहीं. क्लीनीनें १९३८ सालीं, आणि पुढें १९५२ सालच्या आपल्या ग्रंथांत विस्तारानें, तिसरें मूल्य घेतलें तें अशा न संपणाऱ्या गणितासाठीं. येथें भविष्याचा प्रश्न नाहीं, माणसाच्या स्वातंत्र्याचा तर नाहींच. यंत्राकडून उत्तर आलेलें नाहीं, आणि कदाचित् कधींच येणार नाहीं, एवढाच अर्थ. दोन विधानें ‘किंवा’नें जोडलेलीं असून एकाचें उत्तर ‘खरें’ असें आलें, तर दुसऱ्यासाठीं थांबण्याचें कारण नाहीं. दोहोंतील एक ‘खोटें’ ठरलें, तर मात्र दुसऱ्याची वाट पाहिलीच पाहिजे. क्लीनीचीं कोष्टकें ह्या रोखठोक विचारानें भरलेलीं आहेत. ‘आणि’, ‘किंवा’ आणि नकार ह्यांपुरतीं तीं वुकाशेविचच्या कोष्टकांशीं तंतोतंत जुळतात, ही मोठी मौज होय.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९५८ सालीं मॉस्को विद्यापीठांत निकोलाय ब्रुसेंत्सोव्ह ह्यानें ‘सेतून’ नांवाचा संगणक बनविला. तो उणें एक, शून्य आणि अधिक एक अशा तीन आंकड्यांवर चाले, आणि तसे सुमारें ५० संगणक तयार झाले. त्रिमूल्य विचाराचा विषय निघाला कीं त्याचें नांव हटकून निघतें. पण तेथें तीन होते ते मुख्यतः संख्या लिहिण्याचे आंकडे. अज्ञानास जागा देण्याच्या गरजेंतून कांहीं तो जन्मला नव्हता.

ती जागा ज्यानें दिली त्याचें नांव एडगर कॉड. हा मूळचा इंग्रज, दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलांत वैमानिक, आणि नंतर अमेरिकेंत आय.बी.एम्. कंपनींत संशोधक. १९७० सालीं त्यानें मांडलें कीं, कसलीहि माहिती साध्या तक्त्यांच्या रूपानें ठेवावी आणि तिजवर तर्कशास्त्राच्या नियमांनीं प्रश्न विचारावे. ह्या एका कल्पनेवर आजच्या बँका, रेल्वे, रुग्णालयें ह्यांच्या माहितीसंग्रहांचा मोठा भाग उभा आहे. परंतु तक्ता आला कीं रकाने आले, आणि रकाने आले कीं मोकळे रकाने आले. १९७९ सालच्या निबंधांत कॉडनें मोकळ्या रकान्यासाठीं ‘नल’ ही खूण ठेविली, आणि तिच्याशीं तुलना केली असतां उत्तर ‘खरें’ नव्हे, ‘खोटें’ नव्हे, तर ‘अज्ञात’ यावें असें ठरविलें. चेंबरलिन आणि बॉइस ह्यांनीं १९७४ सालीं रचलेली प्रश्न विचारण्याची भाषा, जी पुढें एस्.क्यू.एल्. ह्या नांवानें १९८६ सालीं अमेरिकेंत प्रमाण ठरली, तिच्यांत ही व्यवस्था कायमची बसली.

आतां ह्या व्यवस्थेंत काय घडतें तें पहा. समजा, एका गांवच्या तक्त्यांत १०० माणसें आहेत. वृद्धांस कांहीं साहाय्य द्यावयाचें म्हणून कारकुनानें साठ वर्षें वा त्याहून अधिक वयाच्यांची यादी मागितली. ३८ नांवें आलीं. मग साठांहून कमी वयाच्यांची मागितली, ५५ आलीं. उरलेलीं सात माणसें कोठें गेलीं? त्यांच्या वयाचा रकाना मोकळा आहे. दोन्ही प्रश्नांस त्यांचें उत्तर ‘अज्ञात’, आणि यादी मागतांना यंत्र ‘खरें’ तेवढेंच उचलतें. तें कसलीहि सूचना देत नाहीं. ज्या अडाणी म्हाताऱ्यास आपलें वय सांगतां आलें नाहीं, तोच साहाय्याच्या यादींतून गळतो, आणि गळलेला कोणाच्या नजरेसहि येत नाहीं. उलट, तक्त्यांत नांव घालतांना ‘वय अठराहून कमी नसावें’ असा नियम घातला असेल, तर तेथें मोकळ्या रकान्याचा माणूस खुशाल आंत येतो. कारण नियम मोडला असें म्हणावयास उत्तर ‘खोटें’ यावें लागतें, आणि ‘अज्ञात’ म्हणजे खोटें नव्हे. एकाच अज्ञानास एका दारावर हांकलून देतात आणि दुसऱ्या दारावर पायघड्या घालतात! ह्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ‘ह्या यादींत नसलेलीं नांवें द्या’ असें विचारलें, आणि त्या यादींत एक जरी खूण मोकळी असली, तरी यंत्र एकहि नांव देत नाहीं. त्या मोकळ्या जागीं कोणाचेंहि नांव असूं शकेल, हा त्याचा तर्क. आणि तर्क म्हणून त्यास नांवें ठेवतां येत नाहींत.

आमच्या मतें खरा दोष ह्याहून खोल आहे. ‘ह्या म्हाताऱ्याचें वय साठ वा अधिक आहे, किंवा साठांहून कमी आहे’ हें वाक्य कोणीहि शहाणा माणूस वय न विचारतां खरें म्हणेल. यंत्र म्हणतें, अज्ञात. त्यास दोन अर्धीं दिसतात. तीं एकाच वस्तूचीं दोन टोंकें आहेत, हें दिसत नाहीं. वुकाशेविचच्या लढाईविषयीं हें सोसण्यासारखें होतें, कारण ती लढाई अद्यापि जगांतच ठरलेली नव्हती. क्लीनीच्या न संपणाऱ्या गणितासहि तें शोभलें. परंतु म्हातारा एका ठराविक दिवशीं जन्मलेला आहे. जगांत कांहींहि अनिश्चित नाहीं, अनिश्चितता आहे ती आपल्या वहींत. जें अजून ठरलें नाहीं, जें कधीं हातीं यावयाचें नाहीं, आणि जें आपणांस कोणी सांगितलें नाहीं, हीं तिन्ही एकाच ‘अर्ध्या’च्या आसनावर बसविलीं गेलीं, आणि विमध्याचा नियम मोडण्याची जी किंमत एका तत्त्वज्ञानें स्वातंत्र्यासाठीं दिली होती, ती पुढें कारकुनी सोयीसाठीं भरली जाऊं लागली.

कॉडला ह्याची जाणीव नव्हती असें नाहीं. लागू असून ठाऊक नाहीं तें एक, आणि लागूच नाहीं तें दुसरें, जसें अविवाहिताच्या पत्नीचें नांव, असा भेद करून त्यानें १९९० सालच्या ग्रंथांत दोन खुणा व चार मूल्यें सुचविलीं. त्यापूर्वींच १९७५ सालच्या एका अमेरिकन अहवालांत मोकळ्या रकान्याचे १४ अर्थ मोजले गेले होते. तेव्हां दोनांवर तरी कां थांबावें, हा प्रश्न उरतोच. कॉडचा एके काळचा सहकारी ख्रिस डेट ह्यानें उलट टोंक गांठलें. तिसरें मूल्य समूळ काढून टाकावें, खरें आणि खोटें हीं दोनच ठेवावीं, आणि अज्ञाताच्या जागीं एखादें ठरीव मूल्य लिहावें, अशी वाट त्यानें सुचविली. ह्या दोघांचा वाद १९९३ सालीं एका नियतकालिकांतून जाहीरपणें गाजला. डेटची तर्कशुद्धता आम्हांस मान्य आहे. त्याला अभिप्रेत असलेलें ठरीव मूल्यहि खऱ्या तारखेसारखें न दिसणारें, ओळखूं येईल असें होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. पण दप्तरांत बसणारा माणूस असें मूल्य निवडतांना काय करतो, ह्याचा अनुभव महाराष्ट्रास आहे. तो १ जून लिहितो.

वादाचा निकाल लागला नाहीं. १९९९ सालच्या प्रमाणांत तर ‘अज्ञात’ हें मूल्य आणि मोकळा रकाना हीं दोन्ही एकच धरलीं गेलीं, म्हणजे घोळांत आणखी भर पडली. जाणते लोक आतां तिसरा प्रश्न वेगळा विचारतात: ज्यांचें वय नोंदलेलेंच नाहीं, अशांची यादी द्या. तशी सोय त्या भाषेंत आहे, आणि ती मागितली म्हणजे मघाशीं हरवलेलीं सात माणसें सांपडतात. मग कोणी तरी त्यांच्या दारीं जाऊन चौकशी करूं शकतो. आमच्या चुलत्यांचें नांव मात्र त्या तिसऱ्या यादींतहि येणार नाहीं. त्यांचा रकाना भरलेला आहे.