खांद्यामागचा कॉक

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे विमानतळावरून संध्याकाळी पाचनंतर एक छोटंसं पांढरं विमान उडालं. आत एकटाच माणूस. त्याने तीनदा विमान धावपट्टीला टेकवून पुन्हा उचललं, सराव म्हणून, आणि मग समुद्राकडे वळला. थोड्याच वेळात पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी ते विमान काहीशे फुटांवरून नाक खाली घालून पाण्यात जाताना पाहिलं. इंजिन अडखळल्याचा आवाज काहींनी ऐकला होता. तो माणूस म्हणजे जॉन डेन्व्हर, 'लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन' लिहिणारा. वय ५३.

आमच्या पिढीत ज्यांनी कॉलेजात गिटार हातात धरली (वाजवली असं म्हणत नाही) त्यांना डेन्व्हर वेगळा सांगायला नको. तो गेला तेव्हा पेपरात एवढंच वाचलं होतं की गायकाचा विमान अपघातात मृत्यू. मला वाटलं, असेल कुठलंतरी भाड्याचं विमान. बऱ्याच वर्षांनी कळलं की ते विमान कुणीतरी हाताने बांधलेलं होतं, त्यात बांधणाऱ्याने एक बदल केला होता, आणि तपासाचा सगळा धागा त्या बदलाशी येऊन थांबतो. तेव्हापासून या घरगुती विमानांच्या इतिहासाने मला झपाटलंय. आमच्या घरात याला 'ह्याचं विमान उडालं' असं म्हणतात :)

तर आधी हे घरगुती विमान प्रकरण काय ते सांगतो.

अमेरिकेत माणूस आपल्या गॅरेजमध्ये विमान बांधून त्यातून कायदेशीरपणे उडू शकतो. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा गंमत म्हणून केलेलं असावं ही मुख्य अट. सरकारी माणूस येऊन तपासतो आणि दाराजवळ ठळक अक्षरांत 'एक्स्पेरिमेंटल' लिहायला लावतो. बसणाऱ्याने वाचावं आणि मग ठरवावं. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी नावाच्या गृहस्थाने मिलवॉकीजवळ अशा हौशी लोकांची संघटना काढली, ईएए. दर उन्हाळ्यात ऑशकॉशला तिची जत्रा भरते. जत्राच म्हणायची, पंढरपूरसारखी; लोक वर्षभर तिच्या नावाने दिवस मोजतात.

या लोकांचा मूळ स्वभाव म्हणजे आहे त्यात बदल करणे. त्याशिवाय त्यांना झोप येत नाही. आणि त्यातूनच चांगलं निघालेलं आहे हेही खरं. ऑरेगनमधल्या शेतकरी घरातला रिचर्ड व्हॅनग्रनस्व्हेन याने साठच्या दशकात स्टिट्स प्लेबॉय जातीचं एक सेकंडहँड घरगुती विमान घेतलं. आधी त्यात जास्त ताकदीचं इंजिन बसवलं. मग त्याचे कापड मढवलेले, आधाराच्या दांड्यांचे लाकडी पंख काढून टाकले आणि स्वतः आखलेले, दांड्या नसलेले अॅल्युमिनियमचे पंख लावले. १९६५ साली ते उडालं, त्याचं नाव आरव्ही-१. पुढे त्याने नवंकोरं आरव्ही-३ काढलं, १९७३ साली कंपनी थाटली, आणि आज त्याच्या किटमधून बांधून उडालेली विमानं अकरा हजारांच्या वर गेली आहेत. एका माणसाला दुसऱ्याच्या विमानाचे पंख आवडले नाहीत, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणून कुणी 'नकाशात आहे तस्संच करा, डोकं चालवू नका' असं म्हणालं की मला आधी हसू येतं.

पण डेन्व्हरचं विमान वेगळ्या घराण्यातलं. ते लाँग-ईझी, बर्ट रुटान या अवलियाचं.

रुटानची विमानं पाहिली की वाटतं कुणीतरी उलटी जोडली आहेत. छोटा पंख पुढे, मोठा मागे, इंजिन आणि पंखा पाठीशी. जमिनीवर उभं करताना पुढचं चाक आत घेऊन नाक टेकवून ठेवतात, उंट बसल्यासारखं. बांधायची पद्धत तर आपल्या ओळखीची निघाली. पूर्वी गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कापायला तापलेली तार वापरायचे, आठवतं? रुटानने तेच केलं. थर्माकोलच्या जातीचा निळा फोम तापल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा आणि त्यावर फायबरग्लासचं कापड इपॉक्सीने चिकटवायचं. साचा नको, कारखाना नको. १९७५ साली व्हॅरीईझी उडालं, १९७९ साली त्याचं मोठं भावंड लाँग-ईझी. मोहावीच्या वाळवंटातून रुटान नकाशे विकायचा. १९८५ साली त्याने ते बंद केलं. पुढच्याच वर्षी त्याच्याच 'व्हॉयेजर' विमानाने कुठेही न उतरता, पेट्रोल न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. म्हणजे माणूस साधा नव्हता.

नकाशे घेणाऱ्यांना तो 'कॅनार्ड पुशर' नावाचं पत्रक पाठवायचा. कुणाच्या काय अडचणी आल्या, काय बदललंच पाहिजे, आणि मनाने काय बदलू नका. या शेवटच्या मुद्द्यावर तो हट्टी होता. पण नकाशा एकदा टपालात टाकला की तो कुणाच्या ताब्यात राहतो?

लाँग-ईझीला दोन टाक्या, एक डाव्या पंखाच्या मुळाशी, एक उजव्या. इंजिनाला एका वेळी एकीतूनच पेट्रोल जातं. कुठली टाकी चालू ते ठरवणारा कॉक रुटानच्या नकाशात पुढे, चालवणाऱ्याच्या दोन पायांच्या मध्ये आहे. खाली पाहिलं की दिसतो, हात घातला की लागतो.

डेन्व्हरने घेतलेलं विमान ज्याने बांधलं त्याला पेट्रोलच्या नळ्या माणसं बसतात त्या जागेत नको होत्या. आता हे कारण वेडगळ आहे का? अजिबात नाही. मांड्यांमधून पेट्रोलची नळी जाणं कुणाला आवडेल? म्हणून त्याने कॉक मागे इंजिनाच्या भिंतीशी नेला आणि तिथून एक दांडा पुढे आणून मूठ काढली चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे. मुठीवर कुठली बाजू कुठल्या टाकीची ते लिहिलेलं नव्हतं. कशाला लिहील? त्याला माहीतच होतं.

स्कूटरच्या जमान्यातली मंडळी असाल तर इथे क्षणभर थांबा. बाबांच्या चेतकचा कॉक कुठे होता? सीटखाली, पुढच्या बाजूला, दोन पायांमध्ये. म्हणजे रुटानने ठेवला तिथेच! गाडी घुर्र घुर्र करून आचके द्यायला लागली की बाबा चालत्या गाडीवर वाकून एका हाताने कॉक रिझर्व्हला फिरवायचे आणि मागे बसलेल्या आईला कळायचंसुद्धा नाही. आता कल्पना करा की तो कॉक मागे स्टेपनीपाशी आहे. फिरवायचा तर हँडलवरचा हात सोडून पूर्ण मागे वळावं लागेल. वळताना गाडी सरळ राहील?

विमानात नेमकं हेच. डावा खांदा मागे वळवून उजव्या हाताने ती मूठ गाठायची म्हणजे शरीराला टेकू लागतो, आणि टेकू म्हणून उजवा पाय आपोआप पुढे दाबला जातो. त्या पायाखाली उजव्या रडरचं पेडल. तपास करणाऱ्यांनी तसल्याच विमानात बसून हे करून पाहिलं.

ते विमान बांधणाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेलं आणि त्या दुसऱ्याकडून डेन्व्हरकडे. तोवर बरीच वर्षं ते नीट उडत होतं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बांधणाऱ्याच्या हाताला ती मूठ ठाऊक होती. मागे न बघता त्याची बोटं तिथे जात असणार. जुनी गाडी विकणारा कसा चावी देता देता सांगतो, 'दुसरा गिअर जरा ओढून टाका हं, आणि पाऊस असला तर चोक.' हे कुठल्याही कागदावर नसतं. दुसऱ्या मालकाने तिसऱ्याला सांगताना त्यातलं निम्मं गळतं.

डेन्व्हर काही नवशिका नव्हता. वडील अमेरिकन हवाई दलात वैमानिक, बी-५८ बाँबरवर वेगाचे विक्रम केलेले. स्वतः त्याच्या नावावर २७०० तासांहून जास्त उड्डाण. पण लाँग-ईझीची ओळख अर्ध्या तासाची, आदल्या दिवशी सांता मारियाला झालेली. पेडलला पाय पोचावेत म्हणून पाठीशी जादा उशी घ्यावी लागली होती.

त्या संध्याकाळी निघण्यापूर्वी एका तंत्रज्ञाशी त्याचं जे बोलणं झालं ते तपास अहवालात आहे, आणि ते वाचताना पोटात गोळा येतो. कारण कॉकची अडचण दोघांनाही कळलेली होती. मूठ लांब करायला त्यांनी पकड लावून पाहिली, जमलं नाही. किती पेट्रोल उरलंय ते दाखवणाऱ्या काचा मागच्या बाजूला, त्यांवरही आकडे नाहीत. त्या पुढून दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक छोटा आरसा दिला. पेट्रोल भरू का विचारलं. नको, तासभरच तर उडायचंय. हवेत कॉक बदलायची वेळ आली तर ऑटोपायलटवर टाकून बदलीन, असं तो म्हणाला.

१९९९ साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष दिला: मूठ फिरवण्याच्या प्रयत्नात लक्ष विचलित झालं, नकळत उजवा रडर दाबला गेला आणि विमानावरचा ताबा गेला. पेट्रोल न भरणं हेही कारणच ठरलं. हातभार लावणाऱ्या गोष्टींत या विमानाचा अपुरा सराव, आणि बांधणाऱ्याने बिनखुणेची मूठ अवघड जागी बसवणं. म्हणजे दोष वाटून दिला, मेलेल्याला थोडा, बांधणाऱ्याला थोडा. कायद्याच्या भाषेत बरोबरच आहे. मला मात्र त्या दोघांच्या मधली रिकामी जागा जास्त खुपते. बांधणाऱ्याने स्वतःसाठी विमान बांधलं, आणि ते कधीतरी अनोळखी माणसाच्या हाती जाणार हे त्या मुठीच्या जागेत कुठेच धरलेलं नव्हतं. एक चिकटपट्टी आणि स्केचपेन, एवढाही खर्च नव्हता.

गंमत म्हणजे सरकारला हा फरक कळतो. अमेरिकेत घरगुती विमान बांधणाऱ्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळू शकतो. विमान विकलं की दाखला त्याच्यासोबत जात नाही. नव्या मालकाला परवानाधारक मेकॅनिक गाठावा लागायचा, कारण त्याला आतलं माहीत नाही असं कायदा धरून चालायचा. पण त्याच नव्या मालकाने दुसऱ्या दिवशी त्यात बसून उडायला काही आडकाठी नाही! याच मंडळाने २०१२ साली घरगुती विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मधल्या ज्या अपघातांचा तपास केला, त्यांतल्या निम्म्याहून जास्त अपघातांत विमान सेकंडहँड घेतलेलं होतं. मालकाने बांधलेलं नव्हतं.

आपल्याकडे ही हौस फार कमी, आणि कागदपत्रं फार जास्त. कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवत असतील. २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात त्यांचं विमान ठेवलं होतं, त्याची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. त्या वेळी आपण सगळे नोंदणी कधी होणार यावरच बोलत होतो, आणि ते साहजिकही होतं. त्यांनी कुठल्या किटवरून नव्हे तर स्वतःच्या आराखड्यावरून विमान बांधलं. असं विमान पुढे दुसऱ्या कुणी चालवायचं ठरवलं तर त्याला काय काय सांगावं लागेल, याची वही केवढी जाड होईल, हा विचार माझ्या डोक्यात आता येतो.

व्हॅनग्रनस्व्हेनच्या त्या आरव्ही-१ चं पुढे काय झालं हेही शोधलं. त्याने ते काही वर्षांतच विकलं आणि मग ते हातोहात फिरत राहिलं. शेवटी आरव्हीवेड्या लोकांच्या एका गटाने ते मिळवलं, खटपट करून पुन्हा उडतं केलं आणि २०१२ साली ऑशकॉशच्या जत्रेत ईएएच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. आता ते उडत नाही. कुणी नातेवाईक त्या बाजूला राहत असाल तर जाऊन बघा, फोटो पाठवा, आणि जमलं तर आत डोकावून पेट्रोलचा कॉक कुठे आहे तेवढं सांगा.