एका रोग्याचा प्रबंध

मराठी कादंबरीत क्षयाने जितक्या नायिका मेल्या, तितक्या दुसऱ्या कोणत्याही रोगाने मेल्या नसतील. संध्याकाळी गालांवर चढणारी लाली, कोरडा खोकला, रुमालावर रक्ताचा एक ठिपका आणि मग मिरजेकडे किंवा पाचगणीकडे प्रस्थान, एवढे लिहिले की वाचकांच्या डोळ्यांना पदर लागलाच म्हणून समजावे. आम्हा कादंबरीकारांनी हे हत्यार मनसोक्त वापरले. घराघरांतून मात्र हा रोग काव्य घेऊन येत नसे. रोग्याची कपबशी वेगळी होई, शेजारणी येणेजाणे टाकीत, घरातल्या धाकट्या मुलींची लग्ने अडत, आणि सावकाराकडे गहाण पडलेले दागिने रोगी गेल्यावरही परत येत नसत.

हे चित्र पालटविणाऱ्यांत एक गृहस्थ असे होते, की ज्यांना वैद्यक शिकण्याची मनापासून इच्छा असून ते शिकता आले नाही. त्यांच्या हाती ना सुई होती ना शस्त्र. होते ते आकडे. त्यांचे नाव ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. त्यांची हकीकत आज सांगावीशी वाटते, याला कारण आहे. आपली मुले-मुली हल्ली साथरोगशास्त्र आणि जीवसांख्यिकी या जोडविषयात पीएच. डी. करावयास देशी-परदेशी विद्यापीठांत जातात, आणि घरची वडील मंडळी विचारतात, "हे तुझे डॉक्टर होणे खरे की खोटे? नाडी बघणार नाहीस, तर करणार तरी काय?" या प्रश्नाचे उत्तर हिल यांच्या आयुष्यात सापडते.

हिल यांचा जन्म १८९७ सालचा, लंडनचा. वडील सर लिओनार्ड हिल हे नावाजलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. मुलाने डॉक्टर व्हावयाचे हे जवळजवळ ठरलेलेच होते. पण पहिले महायुद्ध आले आणि तरुण हिल नौदलाच्या विमानदलात भरती झाले. १९१७ साली त्यांना एजियन समुद्राकडे धाडण्यात आले. तेथे शत्रूच्या गोळीने त्यांना गाठले नाही, क्षयाने गाठले. हा आता फार दिवसांचा सोबती नाही, अशा समजुतीने त्यांना मायदेशी परत पाठविले गेले. सरकारने पूर्ण अपंगत्वाचे वेतनही बांधून दिले.

पुढची सुमारे चार वर्षे इस्पितळात आणि घरी, अंथरुणावर गेली. वैद्यकाचा अभ्यासक्रम धडधाकट शरीरालाच झेपणारा. तो रस्ता बंद झाला. तेव्हा वडिलांचे स्नेही मेजर ग्रीनवुड यांनी मुलाला हात दिला. हे 'मेजर' म्हणजे लष्करातला हुद्दा नव्हे बरे; त्यांचे नावच ते! ग्रीनवुड स्वतः डॉक्टर होते आणि संख्याशास्त्राचे आचार्य कार्ल पिअर्सन यांच्या तालमीत तयार झालेले होते. त्यांच्या सल्ल्याने हिल यांनी पडल्या पडल्या, टपालाने धडे मागवून, अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२२ साली लंडन विद्यापीठाची पदवी मिळविली. अर्थशास्त्राची गोडी होती म्हणून नव्हे. अंथरुणावरून मिळविता येण्याजोगी पदवी ती होती, म्हणून.

मग ग्रीनवुड यांनीच त्यांना वैद्यकीय संशोधन मंडळाकडून एक काम मिळवून दिले. एसेक्स परगण्यातील खेड्यांची पाहणी करावयाची आणि लोक गाव सोडून जातात त्याचा मृत्यूच्या प्रमाणावर काय परिणाम होतो, ते शोधावयाचे. प्रश्न दिसतो रुक्ष. पण आपल्या कोकणच्या वाचकांना तो फोडून सांगावा लागणार नाही. समजा, एखाद्या गावात तरुण माणसे अधिक मरतात असे दप्तरावरून दिसले. आपण चटकन विहिरीच्या पाण्याला दोष देऊ. पण गिरण्यांच्या काळात जसे होई, तसे त्या गावचे धडधाकट पोरगे मुंबईला निघून गेले असतील आणि अशक्त तेवढे मागे राहिले असतील तर? किंवा मुंबईत खोकला जडलेला पोरगा शेवटचे चार दिवस आईजवळ काढावयास परत आला असेल तर? गावचा आकडा फुगेल, आणि विहीर बिचारी निरपराध असेल. आकडा खोटे बोलत नाही. पण त्याला योग्य प्रश्न विचारावा लागतो. साथरोगशास्त्र ते हेच.

हा अहवाल १९२५ साली प्रसिद्ध झाला. हिल या काळात पिअर्सन यांच्या व्याख्यानांना जाऊन बसत. १९२६ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. वैद्यकाची पदवी नसलेला माणूस अशा रीतीने वैद्यकाच्या वाड्यात मागील दाराने शिरला. आणि पुढे, १९४५ साली, ग्रीनवुड यांच्याच जागी लंडनच्या आरोग्यविद्यालयात प्राध्यापक झाला.

आता नियतीचा खेळ पाहा. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसीन शोधून काढले. हा शोध त्याच्या डॉक्टरेटच्या अभ्यासातच लागला. क्षयाच्या जंतूंवर हे औषध चालते, असे दिसू लागले. युद्धाने खंक झालेल्या ब्रिटनपाशी ते विकत घ्यावयास पुरेसे डॉलर नव्हते. औषध थोडे, रोगी उदंड. द्यावे कोणाला?

मेंदूच्या आवरणाचा क्षय झाला की मरण ठरलेले असे. तेथे औषध रोखून धरले नाही. फुप्फुसाच्या क्षयात मात्र काही रोगी नुसत्या विश्रांतीनेही सुधारत. स्वतः हिल त्यातलेच एक! म्हणून खरा गुण कशाचा, हे ठरविणे अवघड होते. डॉक्टरच्या मर्जीवर सोडावे, तर तो दया येऊन एखाद्या कोवळ्या मुलीला आधी देईल. एकाआड एक द्यावे, तर पुढची पाळी कोणती ते आधीच कळेल आणि मन पुन्हा डगमगेल. हिल यांनी उपाय योजिला तो चिठ्ठीचा. यदृच्छेने निवडलेल्या अंकांवरून पाकिटे तयार करून मोहोरबंद ठेवावयाची. रोगी दाखल करून घेण्याचे ठरल्यावरच त्याचे पाकीट उघडावयाचे. क्ष-किरणांची चित्रे तपासणाऱ्यांनाही रोगी कोणत्या गटातला, ते सांगावयाचे नाही.

१९४७ च्या आरंभी प्रयोग सुरू झाला. एकंदर रोगी १०७, बहुतेक ऐन विशीतले. ५५ जणांना औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. १९४८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

तथापि त्या ५२ जणांचा विचार मनाला टोचल्यावाचून राहत नाही. आपण प्रयोगात आहोत हे त्यांना सांगितलेसुद्धा नव्हते. आज तसे करता येत नाही. रोग्याची संमती घ्यावीच लागते, आणि तेच योग्य. औषध सर्वांना पुरणारेच नव्हते, हे खरे. परंतु न पुरणे वेगळे आणि न सांगणे वेगळे.

आणखी एक कडू गोष्ट आकड्यांनीच उघड केली. औषध घेणाऱ्या पुष्कळांच्या अंगातले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच वर्षांनी पाहिले, तो औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ मरण पावले होते आणि न घेतलेल्या ५२ पैकी ३५. विजय हातचा निसटत होता! पण तोवर दुसऱ्या प्रयोगाने वाट दाखविली होती: औषध एकटे न देता पीएएस या दुसऱ्या औषधाच्या जोडीने द्यावे, म्हणजे जंतू सहसा डोके वर काढीत नाहीत. पहिल्याच यशावर टाळ्या पिटून मंडळी घरी गेली असती, तर हे कोणाच्या ध्यानी आले असते?

हीच चिठ्ठी पुढे आपल्या देशात आली. आपल्याकडे रोगी लाखांनी, आणि आरोग्यधामातील खाटा हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या. १९५६ साली मद्रासला एक केंद्र निघाले. १९३ गरीब रोग्यांची चिठ्ठ्यांनीच वाटणी झाली: काही आरोग्यधामात, काही स्वतःच्या दाटीवाटीच्या खोलीत, गोळ्या मात्र दोघांना त्याच. आरोग्यधामात विश्रांती आणि चांगले जेवण. घरी कष्ट आणि अर्धपोटी राहणे. तरीही वर्षअखेर घरच्यांचा गुण जवळजवळ तितकाच आला, आणि त्यांच्यामुळे घरच्या माणसांना अधिक बाधा झाली असेही दिसले नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाचे उपचार घरी राहून होऊ लागले. आमच्या नायिकांना हवापालटाला धाडण्याचे कारण उरले नाही!

क्षय संपला असे मात्र नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही आपल्याच देशात आहे, आणि औषधांना न जुमानणारे जंतूही आहेत. तेव्हा आपली एखादी भाची वा पुतणी या विषयात प्रबंध लिहीत बसली असेल, तर तिला नाडीपरीक्षा विचारू नये. ती शेकडो नाड्यांचा हिशेब एकदम तपासते आहे.

सर ऑस्टिन हिल १९९१ साली वारले, वयाच्या ९३ व्या वर्षी. हा फार दिवसांचा सोबती नाही म्हणून बांधून दिलेले ते वेतन सरकारला सत्तर वर्षांहून अधिक काळ द्यावे लागले.