शाळेचा पट आणि मुलांची परीक्षा

मराठी प्राथमिक शाळेत कोण बसते आणि तिथे बसून ते काय शिकते, या दोन प्रश्नांची उत्तरे सुमारे दोनशे वर्षे वेगवेगळ्या दप्तरांत लिहिली गेली. पहिल्याचे दप्तर आधी आले आणि शाळेचे भवितव्य ठरवण्यात ते कायम वरचढ राहिले.

पंतोजींच्या गावठी शाळेत यांपैकी कोणतेच दप्तर नव्हते. मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी, पाढे आणि हिशेब पाठ करी, आणि घरच्या कामापुरते येऊ लागले की शाळा सोडी. १८२० च्या दशकात मुंबई सरकारने या शाळांची मोजदाद करवली. इलाख्याच्या सुमारे ४७ लाख वस्तीत १,७०० च्या आसपास शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास विद्यार्थी आढळले. मुली यात जवळजवळ नव्हत्याच. अस्पृश्यांच्या मुलांना तर दारही बंद होते. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात सुरू झालेली फुले दांपत्याची मुलींची शाळा आणि पाठोपाठ महार-मांगांच्या मुलांसाठी निघालेल्या शाळा यांचे मोल या आकड्यांशेजारी ठेवले म्हणजे कळते.

१८५५ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाले आणि हजेरीपट, तपासणी, वार्षिक अहवाल यांची शिस्त लागली. पुढच्याच वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो मिळवून दिला नाही. पुढे धोरण म्हणून सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे मान्य झाले, पण धोरण आणि गावची ओसरी यांत फार अंतर होते. खात्याच्या अहवालांतले विद्यार्थ्यांचे जातवार तक्ते ते अंतर दाखवतात. १८८१-८२ मध्ये मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत ब्राह्मणांची सुमारे ६३ हजार मुले होती, शेतकरी जातींची ६५ हजार, आणि ‘खालच्या जाती’ या रकान्यात तीन हजारही नव्हती, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे शिक्षणाची कैफियत मांडली, तेव्हा हेच जुने तक्ते त्यांनी पुरावा म्हणून वापरले. लोकसंख्येत शेतकरी ब्राह्मणांच्या अनेक पटींनी जास्त होते, ही गोष्टही त्या तक्त्यांसोबत वाचायला हवी.

शिकण्याची मोजणी परीक्षेतून होत असे. वर्षातून एकदा शिक्षणखात्याचा तपासनीस, म्हणजे दिपोटी येई, मुलांकडून वाचून घेई, गणिते घाली. अनुदानित शाळांसाठी १८६० च्या दशकात निकालावर पैसे देण्याची पद्धत आली. जितकी मुले जितक्या विषयांत उतरतील, तितके अनुदान. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, त्यांच्यात ही पद्धत चालणार नाही, कारण अशा वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढणाऱ्या मास्तराचे पोट भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा आणि मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, या त्यांच्या मागण्याही याच विचारातून आल्या. निकाल मुलाच्या घरच्या परिस्थितीपासून तोडून मोजता येत नाही, हे त्यांनी इतक्या आधी ओळखले होते. निकालावर अनुदान देण्याची ती पद्धत मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकली.

सक्तीची वाट संस्थानांनी दाखवली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या बडोदे राज्यात सक्ती लागू केली. ब्रिटिश मुलखासाठी सक्तीच्या शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक मात्र १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात मोफत आणि सक्तीचे शिक्षण सुरू केले. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. पटावर नाव चढवणे आणि शेजारी बसवणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे जाणून काढलेला हा हुकूम होता.

पटासोबत जनरल रजिस्टरही वाढत गेले: नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण. जन्माची नोंद नसलेल्या मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की ते सहा वर्षांचे धरले जाई आणि जन्मतारीख १ जून पडे. आजही महाराष्ट्रातल्या असंख्य माणसांचा कागदावरचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. १९०० मध्ये साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव नोंदले गेले, तो ७ नोव्हेंबर आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. जातीच्या दाखल्यासाठी लोक अजूनही आजोबा-पणजोबांचे शाळेचे उतारे काढतात, आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामातही शाळांची जुनी दप्तरे चाळली गेली.

१९६२ मध्ये ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. शिक्षकांची पदे पटावर ठरत असल्याने पट फुगवण्याचा मोहही वाढला. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत दिसू नये म्हणून बोटाला शाई लावण्यात आली. शिकण्याची मोजणी दरम्यान शाळेबाहेरून सुरू झाली होती. २००५ पासूनच्या ‘असर’ सर्वेक्षणात कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला आणि वजाबाकी-भागाकार करायला देतात. पाचवीतल्या अनेकांना तो उतारा वाचता येत नाही, हे त्यातून वर्षामागून वर्षे दिसले. एप्रिल २०१० मध्ये लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले होते. २०१५ मध्ये राज्याने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात मुलामुलाची पायाभूत चाचणी घेणे सुरू केले, आणि २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी असते; तीतही ते उतरले नाही, तर त्याच वर्गात राहते.