चित्र हलकं करण्याची हकिकत

गेल्या जानेवारीत एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत माझ्या मोबाइलवर आली. पाचसहा जणांच्या हातांतून फिरून आलेली. व्यासपीठावर नाचणारी मुलगी कोण, हे तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन! मूळ फीत मागितली, तर जागा नाही म्हणून ती पुसून टाकलेली.

हे चौकोन आले कुठून? त्याचं असं आहे की, हलत्या चित्राचं ओझं फार. रुंदीला १९२० ठिपके, उंचीला १०८०, दर ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं. मिनिटाला नऊ गिगाबाइटांच्या वर हिशेब जातो. गुरुजींनी हे गणित वर्गात घालायला हरकत नाही.

हे ओझं उतरवण्याची किल्ली शोधली ती बंगळूरला १९४० साली जन्मलेल्या नासिर अहमद यांनी. अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात ते शिकवीत असत. १९७२ साली त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे संशोधनासाठी पैसे मागितले. अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर कल्पना फारच सोपी वाटली! अहमद यांनी नाद सोडला नाही. टी. नटराजन हा विद्यार्थी आणि के. आर. राव हे मित्र, अशा तिघांचा निबंध १९७४ च्या जानेवारीत छापून आला.

पुढे या गणितावर जी मानकं बेतली गेली, त्यांत शेतात वाफे पाडावेत तसे चित्राचे थोड्या थोड्या ठिपक्यांचे वाफे पाडतात. वाफ्यात छटा कुठे संथ बदलते, कुठे भराभर, ते मोजायचं. संथ बदल डोळ्याला चटकन दिसतो, तो जपायचा. बारीक फरक डोळ्याला निसटतो, तो ढोबळ करायचा. त्यातच, मागच्या चित्रापेक्षा जे हललं तेवढंच नव्यानं लिहायचं. १९९३ च्या एमपेग-१ मानकानं असाच सिनेमा दोन तबकड्यांत बसवला. २००३ साली एच-२६४ आलं. २०१३ चं एच-२६५ त्याहून काटकसरी, पण जुन्या यंत्रांवर ते चालेलच असं नाही.

ढोबळ केलेलं मात्र पुन्हा बारीक होत नाही. दर वेळी नव्यानं दाबलं की आणखी थोडं जातं, आणि शेवटी वाफ्यांचे बांधच दिसू लागतात. तेच ते चौकोन.

तेव्हा काटछाट मूळ फितीवरच करावी. साठवताना एमपी-४ आणि एच-२६४ निवडावं. ठिपके आणि सेकंदाची चित्रं, जशी टिपली तशीच ठेवावीत. वर सांगितलेल्या मापाला सेकंदाला ८ ते १२ मेगाबिट पुरतात. भाषणाला कमीही चालेल. लेझीम, पाऊस, हलणारी पानं असली की हात आखडू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, म्हणजे वाटेत पुन्हा दाबली जात नाही.

त्या संमेलनाची दुसरी एक फीत पुढे एका पालकाच्या कॅमेऱ्यात निघाली. बाजूच्या कोपऱ्यातून टिपलेली, अर्ध्यातच संपणारी. पण मुलगी ओळखू येते.