३ सप्टेंबर : बर्नहून आंबेठाणला
शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांचा आज जन्मदिन. १९३५ साली साताऱ्यात जन्मलेले जोशी टपाल सेवेतून स्वित्झर्लंडला, बर्नच्या जागतिक टपाल संघटनेत गेले. ती गलेलठ्ठ पगाराची नोकरी सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन चक्क शेतकरी झाले. पीक येई, पैसा उरत नसे. शेतमालाच्या भावातच खोट आहे, हे त्यांना पुस्तकांपेक्षा या जमिनीने पटवले. त्यातूनच उभ्या राहिलेल्या शेतकरी संघटनेची ताकद मात्र दिसली ती नाशिक जिल्ह्यात. नोव्हेंबर १९८० मध्ये कांदा-उसाच्या भावासाठी इथले शेतकरी रस्त्यावर, रेल्वे रुळांवर उतरले. पुढे १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन गाजले. १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.