एकांत म्हणजे काय?

‘एकांत’ म्हटले की माणसे नसलेली जागा आपल्या डोळ्यांपुढे येते. शब्दाच्या घडणीत मात्र माणसांचा उल्लेखच नाही. ‘एक’ आणि ‘अंत’ हे दोन संस्कृत शब्द जोडून तो झाला. अंत म्हणजे टोक, कड. जिथे एकच टोक उरते, तो एकांत. म्हणूनच जैन दर्शनात एकाच बाजूने पाहण्याला ‘एकान्त’ आणि अनेक बाजूंनी पाहण्याला ‘अनेकान्त’ म्हणतात.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या निर्जन जागेसाठी ‘रहस्’ हा शब्द येतो. ‘रहस्य’ त्यातूनच आले. तेराव्या अध्यायात ‘विविक्त’ देश आहे, म्हणजे वेगळा काढलेला. महाभारताच्या शांतिपर्वातील नारायणीय आख्यानात मात्र ‘एकान्ती’ म्हणजे एकटा राहणारा नव्हे. ज्याचे चित्त एका नारायणाकडेच लागले, तो भक्त.

हे दोन्ही अर्थ तुकोबारायांच्या चरित्रात भेटतात. ते भंडारा डोंगरावर एकांतात बसले आणि देहूत लोकांपुढे कीर्तनालाही उभे राहिले. जागा बदलली, टोक तेच राहिले.

मुले परगावी गेली, जोडीदार गेला, गुडघ्यांनी वारी थांबवली. अशा घरी उरतो तो एकटेपणा. त्याला एकांत म्हणून त्या माणसाची समजूत घालू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, दोघे मिळून हरिपाठ म्हणा. दिंडीच्या गर्दीत एकांत साधतो, तर दोघांत का साधणार नाही?