शिपायाची झोंप

सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत कामीं आले. आज त्या गांवाच्या नांवाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जडला आहे. १९४९ सालीं या जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा झाला. १९६० मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. या दोन्ही जिल्ह्यांत निवृत्त सैनिकांचीं घरें पुष्कळ. सैनिकाच्या जखमांची नोंद दप्तरीं होते. त्याच्या झोंपेची मात्र घरच्यांनींच ठेवावी लागते.

आमच्या शेजारीं एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांचें घोरणें भिंतीपलीकडे ऐकूं येई, मध्येंच थांबे आणि मोठ्या धापेसरशीं पुन्हां सुरू होई. गाढ झोंप म्हणून आम्ही हंसत असूं. दिवसां मात्र ते वर्तमानपत्र हातीं धरून पेंगत. "मास्तर, पहाऱ्यावर कधीं डोळा लागूं दिला नाहीं, आतां खुर्चींत लागतो," असें खिन्नपणें म्हणत.

असें हंसणारे आम्हीच पहिले नव्हतों. डिकन्सनें १८३६-३७ मध्यें 'पिकविक पेपर्स'मध्यें रंगविलेल्या झोंपाळू, लठ्ठ पोरावर वाचक शतकभर हंसले. १९५६ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं त्या पोराच्या लक्षणांवरून एका व्याधीला 'पिकविक'चें नांव दिलें. १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनींतील संशोधकांनीं निजलेल्या रुग्णांच्या श्वासाची नोंद घेतली, तेव्हां तो वारंवार थांबतो हें दिसून आलें. घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तांतील प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागवतो. एका रात्रींत असें शेंकडों वेळां घडूं शकतें. सकाळीं त्याची आठवणहि नसते. यालाच 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. रक्तदाब व हृदय यांना त्यापासून अपाय होतो. वाहन चालवितांना डुलकी लागली तर प्राणावर बेततें.

पूर्वी कठीण प्रसंगीं गळ्याला छिद्र पाडावें लागे. १९८१ सालीं सिडनीचे डॉ. कॉलिन सलिवन यांनीं नाकावरील मुखवट्यांतून हवेचा सौम्य दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. माजी सैनिकांसाठीं २००३ पासून स्वतंत्र आरोग्ययोजनाहि आहे.

सुभेदारांना हें पटेना. "बराकींत सगळेच घोरत," हें त्यांचें उत्तर. अखेर त्यांच्या पत्नीनेंच डॉक्टरांना रात्रींची सारी हकीकत सांगितली. तपासणी झाली, मुखवटा आला. आतां भिंतीपलीकडे शांतता असते आणि सुभेदार अग्रलेख शेवटपर्यंत वाचतात.

श्रोतेहो, या व्याधींत रुग्ण स्वतः निजलेला असतो. साक्षीदार जागा असतो. त्या साक्षीदारानें हंसून गप्प बसूं नये, एवढीच विनंति.